पाटानं गेली, मग पुढं?

मामांच्या रिक्षात बसलं की एक प्रश्न ठरलेला असायचा. तो सगळ्यांना नसायचा. खिशाला पेन लावलेला माणूस, चष्म्यातली बाई, काखेत फाइल धरलेला क्लार्क, कॉलेजची मुलं, असं कुणी आरशात दिसलं की मामा त्र्यंबक नाक्याचा सिग्नल लागायची वाट बघायचे. सिग्नल लागला की मान जराशी मागे वळवून म्हणायचे, "साहेब, एक विचारू का? तुम्ही वाचणारे दिसता. एक गोष्ट होती. एक पोरगं असतं, त्याची आई पाटात वाहून जाते. ते रोज पाटाच्या कडेला जाऊन बसतं. पुढचं पान फाटलेलं होतं. तुमच्या वाचण्यात आली का कधी?"

कालव्याला इकडे नाशकात पाट म्हणतात, त्यामुळे पाट म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नसे. पण गोष्ट कुणाला माहीत नसायची. काहीजण ऐकू आलं नाही असं दाखवून मोबाइलमध्ये डोकं घालायचे. काही विचार करून बघायचे, लेखक कोण, मासिक कुठलं, असं उलट विचारायचे आणि यातलं काहीच मामांना सांगता आलं नाही की हळहळायचे. कॉलेजच्या पोरांचं उत्तर एकच, मामा गूगलवर टाका. त्यावर मामा शांतपणे सांगायचे, "टाकलं होतं एका पोरानं. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येतात."

थांब्यावरचे रिक्षावाले त्यांना 'मगपुढं' म्हणायचे. कारण त्यांना काहीही सांगितलं की ते "मग पुढं?" एवढंच विचारायचे. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, मग पुढं? कुणाचं इंजिन बसलं, मग पुढं? एकदा एकानं म्हैस मेल्याचं सांगितलं, तरी यांचं मग पुढं? तो बिचारा वैतागून म्हणाला, "पुढं काय मामा, दहावा घालू का म्हशीचा?" सगळा थांबा हसला. मामाही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि दुसरी म्हैस कधी घेणार ते विचारून घेतलंच.

मी पुसदकडची. आठवीत शाळा सुटली, पाठची भावंडं सांभाळायला घरी कुणी नव्हतं. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा पंचवटीतल्या एका बोळात आम्हाला खोली मिळाली. रिक्षावाले मामा त्याच बोळात राहायचे, सगळा बोळ त्यांना मामाच म्हणायचा. नवरा सातपूरला कंपनीत, पाळीवर. पुढे मलाही सातपूरच्याच एका वर्कशॉपमध्ये काम लागलं, साच्यातून निघालेल्या रबरी वस्तूंची जादा कड कापायचं. काम अवघड नव्हतं, बाकी सगळं अवघड होतं. रस्ता ओलांडायची भीती, साहेबांची भीती, उतरायचं ठिकाण निघून जाईल ही भीती. बोलायची तर सगळ्यात जास्त, कारण पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून 'मले' निघालं आणि वर्कशॉपमधल्या बायका आठवडाभर एकमेकींना 'मले दे, तुले घे' करत राहिल्या.

म्हणून मी रिक्षात बसले की रस्त्यावरच्या पाट्या वाचत जायची, पुटपुटत. टायरचं दुकान, मेडिकल, मंगल कार्यालय, गाद्यांचं दुकान, मग माझा थांबा. क्रम चुकला नाही म्हणजे मी चुकले नाही. एक दिवस पुढून आवाज आला, "पोरी, तुला वाचायचा नाद दिसतो." मला वाटलं, आवाज करू नको म्हणतात. मी घाबरून सांगितलं, नाद नाही, मी भीतीनं वाचते. मामा खदखदून हसले. म्हणाले, "भीतीनं का होईना, वाचतेस ना? मग एक विचारू का?"

पेन नाही, चष्मा नाही, हातात जेवणाचा डबा. तरी मला त्यांनी ती गोष्ट विचारली. मला अर्थातच माहीत नव्हती. पण नाशकात आल्यापासून मला कुणी आपणहून काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. सातपूर आल्यावर उतरताना मी म्हणाले, तुम्हाला नाही मिळाली तर मी शोधते. असं मी का म्हणाले कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी मामांनी सीटखालून जुन्या मासिकांचा एक गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

ते गठ्ठे रद्दीच्या दुकानातून यायचे. मामा कव्हर नसलेले अंक आधी उचलायचे, कारण त्यांनी वाचलेल्या अंकाला कव्हर नव्हतं. ती हकिकत त्यांनी मला अनेकदा सांगितली. ते दहा-अकरा वर्षांचे असताना पंचवटीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात चुलत्याबरोबर जायचे. चुलता खुर्चीत बसला की हे बाकावर. न्हावी वस्तऱ्याचा फेस पुसायला जुन्या मासिकाची पानं फाडून घ्यायचा. हे वाचत होते, पान उलटलं, तर पुढचं पान नाही. वर बघतात तो ते पान न्हाव्याच्या हातात, फेसानं भरलेलं. "त्या गोष्टीचा शेवट माझ्या चुलत्याच्या दाढीला लागला," मामा म्हणायचे. पुढच्या खेपेला गेले तोवर अख्खा अंकच संपला होता.

त्यांनी आमची वाटणी करून दिली होती. "माझे डोळे रस्त्यावर, तुझे कागदावर." सकाळी पंचवटीतून निघून सीबीएस बसस्टँडजवळच्या थांब्यावर आलं की सीटं भरेपर्यंत मी मोठ्यानं वाचायचं. आठवीनंतर मी पुस्तक धरलं नव्हतं. जोडाक्षर आलं की अडखळायची, कान गरम व्हायचे. मामांनी मला कधी दुरुस्त केलं नाही. मी अडले की हळूच हॉर्न वाजवायचे आणि म्हणायचे, "दम घे, सीटं कुठं भरलीत अजून." कधी सीटं भरायची आणि गोष्ट मधेच असायची, मग धावत्या रिक्षात वाचन चालायचं. एक रिटायर मास्तर कायम कोपऱ्यात बसायचे. ते एकदा आपला थांबा सोडून सातपूरपर्यंत आले आणि गोष्ट संपल्यावर, "आता मला परत न्या," असं मामांनाच रागावून म्हणाले.

पहिल्या दोन परिच्छेदांत मामांना कळायचं. "ही नाही." मी अंक मिटायला लागले की मात्र हात आडवा यायचा. "मिटू नको. आपली नसली म्हणून काय झालं? गोष्ट अर्ध्यावर सोडू नये, तिला लागतं." शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटायचं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण मी मिटत नव्हते. त्यांच्या नसलेल्या अशा किती गोष्टींची शेवटची पानं मी वाचली असतील. माझं वाचन आलं ते तिथून. आज हे लिहायला धजावते आहे तेही तिथूनच.

मामी या सगळ्याकडे कपाळाला हात लावून बघायच्या. रद्दीनं घराचा माळा भरला होता. मी गेले की मला चहा द्यायच्या आणि मामांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "मला बघायला एकदा आले हे, तेपण पाच मिनिटं. आणि त्या गोष्टीला बघायला रोज जातात."

रद्दी संपत आली तेव्हा मामांनी मला वाचनालयात नेलं. नेलं म्हणजे दारापर्यंत. रिक्षा उभी करून म्हणाले, "जा, विचार. मी इथं गाडीपाशी हाय." आत टेबलामागे एक बाई होत्या. मी म्हटलं, पाटाची गोष्ट पाहिजे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कुठला पाट? बसायचा की पाण्याचा?" पाण्याचा, मी म्हटलं. त्यांनी खरंच बरंच शोधलं आणि शेवटी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्यांवरचं एक शेतकी पुस्तक आणून दिलं. मामांना ते पाहूनही आनंद झाला. "बघ तर, असंल मधे कुठं." ते पुस्तक मी थांब्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मामांनी एकेक पाळी मन लावून ऐकली. संपल्यावर म्हणाले, "यात पोरगं नाही."

एवढा ध्यास कशाचा, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एका रविवारी मामा-मामी मला आणि नवऱ्याला गंगापूर धरणाकडे फिरायला घेऊन गेले. वाटेत पाटावरचा पूल आला. तिथं मामांनी रिक्षा इतकी हळू केली की मला वाटलं, पेट्रोल संपलं. ते पाण्याकडे बघत होते. मामींनी मला डोळ्यानंच गप्प बसायची खूण केली. परतताना मामा आपणहून बोलले. त्यांचं मूळ गाव निफाडकडे. बाप त्यांना आठवत नाही. आई थोडी आठवते, हिरव्या बांगड्या नसलेला हात आठवतो. ते चार-पाच वर्षांचे असताना ती, गोष्टीतल्या आईसारखीच, पाटात गेली. मग चुलत्यानं त्यांना पंचवटीत आणलं, त्याचा भाजीचा धंदा होता. आईचं नाव काढलं की चुलती डोळ्याला पदर लावायची, म्हणून त्यांनी नाव काढायचं सोडून दिलं.

"आणि मग ती गोष्ट हातात आली," मामा म्हणाले. "म्हटलं, हे तर माझंच लिहिलंय कुणीतरी. त्या पोराला आई सापडली का, एवढंच मला बघायचंय. सापडली म्हणजे जित्तीच पाहिजे असं नाय. पण कुणी येऊन सांगितलं तर पाहिजे ना त्याला."

त्या दिवसापासून गोष्ट शोधणं माझं काम झालं. त्यांच्यापेक्षा मलाच घाई झाली.

एवढं वाचल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली होती. आधी वाचलेली कथा आपण मनात ठेवतो ती आपल्या शब्दांत, आणि परत उघडून पाहिलं की छापलेलं थोडं निराळं निघतं. एका सकाळी थांब्यावर सीटं भरत नव्हती. मी मामांना म्हटलं, तुम्ही नेहमी सांगता तसं नको, त्या पानावर छापलेलं वाक्य सांगा. आठवेल तेवढं, पण छापलेलं.

मामांनी डोळे मिटले. "शेजारीण असते. ती त्या पोराला जवळ घेते आणि म्हणते, 'रडू नको बाळा, तुझी आई पाटानं गेली.' तिथं पान संपतं."

"पाटात गेली," मी म्हटलं.

"नाय. पाटानं. माझ्या डोळ्यापुढं हाय ते. अन् आमच्या चुलतीनं मला सांगितलं तेपण शब्दाला शब्द असंच. म्हणून तर मी त्या ओळीवर अडकलो."

तेवढ्यात प्रवासी आले. रिक्षा सुरू झाली. टायरचं दुकान गेलं, मेडिकल गेलं, मला एकही पाटी दिसली नाही.

आमच्या घरी वडिलांची एक काकू होती. सगळे तिला 'पाटाची काकू' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, ती जेवताना पाटावर बसते म्हणून. मोठी झाल्यावर कळलं. तिचा पहिला नवरा वारला आणि मग माझ्या आजोबांच्या भावाशी तिचा पाट लागला. बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. वाजंत्री नाही, वरात नाही, चार माणसांत उरकायचं. आता हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. पण वापरत होते तेव्हा कुणाची आई दुसरं घर करून गेली तर 'पाटानं गेली' म्हणत असतील का? दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या आईला फोन लावला.

"पाटानं गेली म्हंजे काय वं माय?"

"म्हंजे पाट लावला तिनं. दुसऱ्या घरी नांदाले गेली. तुले काऊन पाह्यजे?"

"अन् पाण्यात वाहून गेली असंन तं?"

"तं वाहून गेली म्हन्तीन ना लोक. पाटानं काऊन म्हन्तीन?"

मी फोन ठेवला आणि डबा तसाच मिटला. माझं चुकत असेल तर मी एका मेलेल्या बाईबद्दल भलतंच बोलणार. आणि बरोबर असेल तर? ज्या माणसानं जन्मभर पाण्याकडे बघितलं, त्याला मी काय सांगणार, की तुमची आई पाण्यात नव्हतीच? नवरा म्हणाला, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नको, आपण बाहेरगावची माणसं. ते मला पटलं. मी बसनं कामाला जायला लागले. मामांची रिक्षा दिसली की बोळात मागे सरायची.

चार दिवस गेले असतील नसतील, मामा दारात उभे. "काय गं, माझ्या गोष्टी अर्धवट टाकून बसनं जातेस होय?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. मी डबा घेतला आणि निमूट रिक्षात बसले. त्या दिवशी त्यांनी थांब्यावर सीटं घेतली नाहीत, सरळ रस्त्याला लागले. काहीतरी आहे हे त्यांना कळलंच होतं.

मी पाटाच्या काकूपासून सुरुवात केली. मधे थांबले की मामा सवयीनं म्हणायचे, "मग पुढं?" काकूचा पहिला नवरा वारला. मग पुढं? मग आमच्या घरात आली. मग पुढं? आईचा फोन सांगितला. मग पुढं?

"मामा, पुढं असं, की तुमच्या गोष्टीतली आई पाण्यात गेलीच नसेल. तिनं पाट लावला असेल. ती दुसऱ्या गावाला नांदायला गेली."

या वेळी मग पुढं आलं नाही. मामांनी रिक्षा कडेला घेतली, इंजिन बंद केलं. त्र्यंबक रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या. ते पुढच्या काचेतून बघतच म्हणाले, "म्हणजे ते पोरगं उगाच पाण्याकडं बघत बसलं."

मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि मला सातपूरला सोडलं.

मग मामा दिसेनात. मला अन्न जाईना. दोनदा मामींच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली आणि सांगितलं, गावाकडे गेलेत. रागावलेत का, मी विचारलं. मामी म्हणाल्या, रागावले असते तर जेवले असते, राग आला की जास्त जेवतात ते.

मामा आले ते थेट आमच्या खोलीवर. पाणी प्यायले आणि मी न विचारता सांगायला लागले. चुलता-चुलती दोघंही कधीच गेलेले. पण गावात भाऊबंदांतली एक म्हातारी होती. खळ्यात कांदे निवडत बसली होती. मामांनी तिला विचारलं, माझी आई कशी गेली? तिनं मानही वर केली नाही. "पाटानं गेली की. सटाण्याकडं दिली." मामा म्हणाले, मला वाटत होतं पाण्यात गेली. म्हातारी हसायला लागली. मग तिनं वर पाहिलं, मामांचं तोंड बघितलं आणि तिचं हसू विरलं. हातातला कांदा खाली ठेवून म्हणाली, "मग, आम्ही काय येगळं सांगितलं व्हतं? तू परत कधी इचारलंच नाय रं. आम्हाला वाटलं, तुला तिचा राग हाय."

कुणी खोटं बोललं नव्हतं. मामांच्या गावातून पाट जातो. चार वर्षांच्या पोराला दुसरा कुठला पाट माहीत असणार?

म्हातारीनं सांगितलेल्या सटाण्याकडच्या गावाला जाताना मामा मला म्हणाले, "तू वाचलंस, तूच चल." मामा, मामी आणि मी, एसटीनं गेलो. गावात विचारत विचारत घर सापडलं. दारात पन्नाशीची एक बाई धान्य पाखडत होती. "कोण शे?" ती म्हणाली. मामा दोन पावलं पुढे झाले. ती सूप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली, कपाळाकडे, मग कानांकडे, आणि आमच्यापैकी कुणी काही सांगायच्या आत तिच्या हातातलं सूप खाली आलं. आत भिंतीवर फोटो होता. कपाळ तेच होतं, कान तेच होते. फोटोला हार होता. आई जाऊन काही वर्षं झाली होती.

ती आईची दुसऱ्या घरची मुलगी, म्हणजे मामांची बहीण. बहीण सांगत होती, मामा ऐकत होते. आई सगळ्यांना सांगायची, "मना एक पोऱ्या नाशिकमा शे," माझा एक मुलगा नाशकात आहे. सुरुवातीला एकदा ती पंचवटीत दिराच्या दारी गेली होती. दारातूनच तिला सांगितलं गेलं, पोरगं रुळलंय, आता हलवू नको. पोर बापाच्या घरचं, हा रिवाज तिला माहीत होता. ती परतली. नंतर दीर-जाऊ घर बदलून गेले तेही तिला कळलं नाही. पुढे म्हातारपणी भाजीच्या टेम्पोबरोबर ती कधीमधी पंचवटीच्या मार्केटला यायची. माल उतरला की बरोबर आलेल्या इकडच्या मुलाला सांगायची, जरा नाशिक बघून येते. आणि शेअर रिक्षात बसून शहरभर फिरायची. काय बघितलं, विचारलं तर म्हणायची, माणसं बघितली.

"मी म्हणायची, आई, तू शोध ना त्याला," बहीण म्हणाली. "तर म्हणे, त्याले माहीत शे. तो येस नही." आपण कुठं आहोत ते ठाऊक असून तोच येत नाही, असं आई धरून बसली होती.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी होते. मामी झोपल्या होत्या. बाहेर डाळिंबाच्या बागा मागे पडत होत्या. मला वाटलं, तेही झोपलेत. पण ते हळू आवाजात बोलले, मला की स्वतःला, कुणास ठाऊक.

"माझ्या रिक्षात बसली असंल गं ती. एकदा तरी बसलीच असंल. अन् मी पेनवाल्याला विचारलं, चष्मेवाल्याला विचारलं. म्हाताऱ्या बायांना ती गोष्ट मी कधी विचारलीच नाय. मला वाटायचं, ह्यांना कुठं वाचता येतंय."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. 

त्यानंतर मामांनी पेनवाल्यांना विचारणं बंद केलं. थांब्यावर पाटीवाली एखादी म्हातारी दिसली की ते उतरून तिची पाटी आपल्या पायाशी घ्यायचे, तिला आधार देऊन बसवायचे आणि रिक्षा हलायच्या आत विचारायचे, "आजी, माहेर कुठलं?" माहेर झालं की सासर, सासर झालं की मग पुढं? म्हाताऱ्या खुलायच्या. कुणाचं सातपूर आलं तरी संपायचं नाही. मग मामा तिथंच कडेला उभे राहायचे, तिचं संपेपर्यंत. मागची मंडळी कामाला उशीर होतो म्हणून चुळबुळायची. मामा आरशातून म्हणायचे, "अर्ध्यावर सोडू नये, लागतं." भाऊबीजेला बहीण सटाण्याहून यायला लागली. मामींना घरात बोलायला जोडीदारीण मिळाली, आणि दोघी मिळून मामांना काय काय ऐकवायच्या ते मी इथं लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात मामा गेले. गेले म्हणजे खरंच गेले. आपल्या भाषेत हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून स्पष्ट सांगते. शेवटी शेवटी ते घरीच असायचे. मी कामावरून आले की तासभर वाचून दाखवायची. एकदा मधेच थांबवून त्यांनी विचारलं, "ती गोष्ट सापडली का गं?" मी म्हटलं, मामा, आता कशाला ती? तुमची तर सापडली. ते जरा चिडलेच. "माझं झालं. त्या पोराचं व्हायचंय अजून."

म्हणून मी अजून शोधते आहे. सुट्टीच्या दिवशी पंचवटीतल्या त्या वाचनालयात जाते, आता कुणी दारापर्यंत सोडायला लागत नाही. जुन्या अंकांचे बांधलेले गठ्ठे उतरवून घेते आणि एकेक चाळते. टेबलामागच्या बाई आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. मला बघितलं की चष्म्यावरून विचारतात, "अजून पाटच का?"

"हो," मी म्हणते. "पण बसायचा नाही आणि पाण्याचाही नाही. तिसरा."

कुठल्यातरी गठ्ठ्यात तो अंक असेल, ज्याचं पान कुणी फेस पुसायला फाडलेलं नाही. लेखकानं शेवट काय केला असेल मला माहीत नाही. पण पान मिळेपर्यंत ते पोरगं पाटाच्या कडेला बसलेलंच असणार, पाण्याकडे बघत. कुणीतरी जाऊन त्याला सांगायला पाहिजे.